आईच्या वयात भेटलेली 'श्यामची आई'

मैत्रिणींनो, 'श्यामची आई' ठाऊक नाही असं मराठी घर विरळाच. आमच्या खान्देशात तर साने गुरुजी घरचेच! अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० ते शिक्षक होते. डिसेंबर १९३६मध्ये आमच्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, त्यासाठी गुरुजी गावोगाव फिरले. त्यामुळे पुस्तक न वाचताही वाचल्यासारखंच वाटायचं. शाळेतला एखादा धडा, टीव्हीवर अत्र्यांचा १९५३चा सिनेमा, त्यातली वनमालाबाईंची आई, डोळ्याला पदर... झालं!

मूळ पुस्तक मी पहिल्यांदा हातात घेतलं ते पंचेचाळिशी उलटल्यावर, मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हा. आणि गंमत बघा, मी ते श्यामच्या नाही, त्याच्या आईच्या बाजूनं वाचत गेले.

एके दिवशी तिच्या हातून भाजीत मीठ घालायचं राहतं. वडील मुकाट्यानं जेवतात, त्यांचं बघून मुलंही जेवतात. पोरांनी यातून दुसऱ्याचं मन जपायला शिकावं, हे खरंच. पण माझं लक्ष गेलं भलतीकडेच. मीठ नाही हे तिला कळतं कधी? तर सगळ्यांची जेवणं आटोपून ती स्वतः पानावर बसते तेव्हा! भाऊबीजेचे पैसे हाती येतात, तर त्यातून येतं नवऱ्याचं धोतर. लहानपणी वाचलं असतं तर 'किती प्रेमळ आई' म्हणून पान उलटलं असतं. या वयात विचारावंसं वाटतं, बाई गं, तुझ्या लुगड्याचं काय?

आणि ही आई नुसती रडूबाई नाही बरं का! पोहायला घाबरून लपून बसलेल्या पोराला ती मारत बाहेर काढते, कारण त्याला कुणी भित्रा म्हटलेलं तिला खपणार नसतं. सिनेमा बघताना रडू येतं ते तिच्या मरणाला. पुस्तकात मला धस्स झालं ते सावकाराचा माणूस दारात बसून नाही नाही ते बोलतो तिथं. ती गप्प राहत नाही, त्याला चालता हो म्हणते. कर्ज काही तिनं काढलेलं नसतं, पण अपमान तिच्या वाट्याला येतो. आमच्याकडे वादळात केळीची बाग आडवी झाली की सोसायटीचं आणि सावकाराचं देणं तसंच उभं राहतं. वसुलीवाला आला की 'ते घरी नाहीत' म्हणायला दारात कोणाला पाठवतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच!

गुरुजींनी हे पुस्तक ९ फेब्रुवारी १९३३ला नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं आणि १३ तारखेला हातावेगळं केलं. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. आई १९१७मध्येच गेलेली. म्हणजे लिहिणाराही लहान नव्हताच की! लहान श्याम आईवर रुसतो, हट्ट करतो, चोरीसुद्धा करतो. तिनं काय काय सोसलं ते सांगतो तो मोठा झालेला श्याम, आश्रमातल्या मित्रांना, रोज रात्री थोडं थोडं. मग ते नीट कळायला वाचणाराही थोडा मोठाच हवा, नाही का?

म्हणून सांगते, पोरांच्या हाती हे पुस्तक द्याच, पण स्वतःही वाचा. बेचाळीस रात्री आहेत. भांडी-ओटा आवरून रोज एक वाचली तरी दीड महिन्यात होतं. घरातल्या पुरुषांनाही द्या. आई आजारी म्हणून तिच्या बदली वडाला प्रदक्षिणा घालणारा मुलगा त्यांनाही भेटू दे. बाईचं काम करायची लाज कसली, हे तिनं त्याला तेव्हाच शिकवलं होतं.

आमच्याकडे एवढंच झालंय, मी आता माझं पान सगळ्यांबरोबर घेते. भाजीला मीठ कमी पडलं तर पहिल्या घासालाच कळतं, आणि बरणी आणायला कोणीतरी दुसरं उठतं!