सोळा अक्षरांचा मारिओ

समकालीन कवितेशी माझी शाळेपासूनच फारशी गट्टी नाही. प्रयोगशाळेत एखादा आलेख कळला नाही तर मी आठवडाभर त्याच्या मागे लागते. कविता कळली नाही की मात्र दुसऱ्या ओळीला पुस्तक मिटते. २०२१ मध्ये आजोबा गेले तेव्हा भारतात जाणं शक्य नव्हतं. इंग्लंडमधल्या एका भाड्याच्या खोलीत बसून मी फोनवर त्यांचे अंत्यविधी पाहिले. त्यानंतर काही महिन्यांनी एका मैत्रिणीने एक पुस्तक हातात ठेवलं. म्हणाली, "तू लहानपणी मारिओ खेळायचीस ना? मग हे वाच."

पुस्तक होतं बेलफास्टच्या स्टीफन सेक्स्टन या कवीचं, 'इफ ऑल द वर्ल्ड अँड लव्ह वेअर यंग'. पेंग्विनने ते २०१९ मध्ये काढलं आणि त्याच वर्षी त्याला पहिल्या संग्रहासाठीचं फॉरवर्ड पारितोषिक मिळालं. पुस्तकाच्या मुळाशी एक फोटो आहे. १९९८ च्या उन्हाळ्यात आईने काढलेला: नऊ वर्षांचा स्टीफन टीव्हीसमोर 'सुपर मारिओ वर्ल्ड' खेळतोय. २०१२ मध्ये आई गेली. संग्रहातल्या कवितांना त्या गेममधल्या लेव्हल्सची नावं आहेत. वाचक योशीच्या बेटावरून निघतो, जंगलं, गुहा, किल्ले पार करत जातो, आणि पडद्यावरच्या त्या रंगीत जगात आईचं आजारपण हळूहळू शिरत जातं.

माझ्यातली शास्त्रज्ञ जागी झाली ती ओळींच्या लांबीने. ओळी सोळा सिलॅबलच्या आहेत, कारण सुपर निन्टेन्डो हे यंत्र १६ बिटांचं होतं. एका बिटमध्ये ० किंवा १ मावतो. बिट वाढला की शक्यता दुप्पट होतात, म्हणून ८ बिटांत २५६ आणि १६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळ्या जुळण्या बसतात.

हे आकडे आपल्याला नवे नाहीत. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु आणि गुरु अशी दोनच चिन्हं घेऊन चरणाचे सगळे संभाव्य नमुने मांडायची रीत आहे; तिला प्रस्तार म्हणतात. आठ अक्षरांच्या चरणाचे नमुने होतात २५६. सोळा अक्षरांच्या चरणाला 'अष्टी' म्हणतात, त्याचे ६५,५३६. म्हणजे निन्टेन्डोचं जुनं ८ बिटांचं यंत्र अनुष्टुभाच्या घरचं, आणि पुढचं १६ बिटांचं अष्टीच्या! अभंगात मात्र लघु-गुरु बघत नाहीत, नुसती अक्षरं मोजतात, आणि लहान अभंगाचे आठ-आठचे दोन चरण जोडले की पुन्हा सोळाच. इंग्रजीतला सिलॅबल म्हणजे ढोबळमानाने आपलं अक्षर. त्यामुळे मी सेक्स्टनच्या ओळी बोटांवर मोजत वाचल्या, शाळेत मोजायचे तशा. दुःखाला कुंपण नसतं. सोळाव्या अक्षराला थांबायचंच आहे म्हटल्यावर माणूस निदान एवढं तरी बोलून जातो, असं मला तेव्हा वाटलं.

'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये एक 'फॉरेस्ट ऑफ इल्यूजन' आहे. तिथे प्रत्येक लेव्हल नेहमीच्या मार्गाने पूर्ण करत गेलात तर तुम्ही जंगलात गोल गोल फिरत राहता. बाहेर पडायला लपवलेली वाट शोधावी लागते. मी कविता अशीच वाचत आले होते: सरळ अर्थाकडे धाव घ्यायची आणि जिथून निघालो तिथेच परत यायचं. गेममध्ये तर आपण असं करत नाही. तिथे आधी उड्या मारतो, डोकं आपटून बघतो, मरतो, पुन्हा येतो, आणि नियम हळूहळू हाताला कळतात. या पुस्तकापाशी मी पहिल्यांदा तसा धीर धरला. सगळ्याच कविता आवडल्या असं नाही. काही ठिकाणी गेम न खेळलेला माणूस बाहेरच उभा राहील. (गेमवरच्या कवितांची हौस इथे आणखीही लोकांना आहे, साईडकिक बुक्सने २०१३ मध्ये 'कॉइन ऑपेरा २' नावाचा अख्खा संग्रह काढला होता.)

त्या गेमच्या कॅसेटमध्ये दोन प्रकारची स्मृती असते. खेळ स्वतः रॉममध्ये, तो वीज नसतानाही टिकतो. तुम्ही कुठवर पोहोचलात ते मात्र जेमतेम २ किलोबाइटच्या एसरॅममध्ये. तिला सतत वीज लागते आणि ती पुरवतो एक नाण्याएवढा लिथियमचा सेल. काही वर्षांनी सेल संपतो. मग खेळ सुरू होतो, संगीत वाजतं, फक्त तुमची खूण गेलेली असते.

आमच्या सांगलीच्या घरातल्या स्वस्त व्हिडिओ गेममध्ये तेवढाही सेल नव्हता. लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मी रडकुंडीला यायचे आणि मागच्या खुर्चीत बसलेले आजोबा म्हणायचे, "थांब, मी लिहून ठेवतो." लिहून काय उपयोग, गेमला थोडंच वाचता येतं, असं मी चिडून म्हणायचे.

मागच्या डिसेंबरात घरी गेले तेव्हा माळ्यावर १९९९ चं कालनिर्णय सापडलं. जूनच्या पानावर, दुधाच्या हिशोबाखाली, त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मारिओ ४-२. लाईट गेली.'