गर्डरच्या आतली तार

पूल वरून तपासता येत नाही. रस्ता गुळगुळीत असला, तरी पुलाची खरी तब्येत कळते ती गर्डरच्या पोटाशी. खाडीवरच्या पुलाला मचाण बांधून झालं, की मी आधी हातोडी काढतो. कडक काँक्रीट टणटण वाजतं, आतून सुटलेलं बदबदतं. तिथे खडूने गोल करायचा आणि पुढे सरकायचं.

साध्या आरसीसी तुळईत सळई गंजली, की गंज फुगतो, कव्हर तडकतं, तपकिरी ओघळ दिसतात. प्रीस्ट्रेस्ड गर्डर असा इशारा देईलच याची खात्री नसते. त्याची ताकद ताणून धरलेल्या तारांत असते. सात तारांच्या 12.7 मिलिमीटर जाडीच्या एका स्ट्रँडला तुटायला सुमारे 18 टन जोर लागतो. पण गंजाने लहानसा खड्डा पाडला, तर एवढी चिवट तारही तटकन तुटते. काँक्रीटवर मात्र अनेकदा तडासुद्धा नसतो.

या तारा शीथिंगच्या नळीतून जातात आणि ताण दिल्यावर नळीत सिमेंटचा ग्राउट भरतात. ग्यानबाची मेख इथेच आहे. ग्राउटमधलं पाणी वर सुटतं आणि नळीच्या उंच भागात, अँकरजवळ पोकळी राहते. वरचा एक्स्पान्शन जॉइंट गळत असेल, तर पाणी नेमकं तिथेच मुरतं. खाडीकाठी त्यात मीठही असतं. म्हणून गर्डरच्या टोकांशी मी जास्त वेळ घालवतो.

काँक्रीटवर टेकवून सळईचं विद्युत विभव मोजणाऱ्या हाफ सेलवर उणे 350 मिलिव्होल्टच्या खाली आकडा गेला, तर सळईला गंज चढत असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त. पण लोखंडी नळीच्या आतली तार या आकड्यात सापडत नाही. मग केबलची रेषा शोधायची, बेताने ड्रिल मारायचं आणि आत कॅमेरा सोडायचा. घट्ट राखाडी ग्राउट दिसला की हायसं वाटतं. ओली पोकळी आणि तांबूस तारा दिसल्या, तर त्याच दिवशी जड वाहनं थांबवण्याचं पत्र लिहावं लागतं.

वेल्समधला 1953 सालचा इनिस-अ-ग्वास पूल डिसेंबर 1985 मध्ये अचानक कोसळला. 5 जुलै 1986 रोजी पणजीचा मांडवी पूल पडला. दोन्हीकडे मूळ दुखणं गंजलेल्या केबलचं होतं.

डागावर प्लास्टर चढवलं, तर पुढच्या तपासणीत हातोडी कुठे मारायची तेही कळत नाही. गळका जॉइंट वेळेत बदलणं आणि पाणी जायची भोकं पावसाआधी मोकळी करणं, यावरचा खर्च नव्या पुलापुढे किरकोळ आहे. तो दरवर्षी, न चुकता व्हायलाच हवा.