घराचा सौदा : उलट भाव सांगण्याआधी

घर विकायला काढले की गिऱ्हाईक येते, आपला भाव ऐकते आणि त्याचा भाव सांगते. मग आपण मधला आकडा टाकतो. भाजी घेतानाही हेच चालते, म्हणून त्यात काही विशेष वाटत नाही. पण भाजीवाला उद्याही तिथेच बसलेला असतो. घराचे गिऱ्हाईक उद्या येईलच असे नाही.

समजा, आपण ४२ लाख सांगितले आणि गिऱ्हाईकाने ३८ लाख देऊ केले. आपण म्हणालो, "४० च्या खाली नाही." हे बोलताच ३८ लाखांचा देकार संपला. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७ सांगते की होकार जसाच्या तसा, विनाअट हवा. आकडा बदलला की तो होकार नसतो, नवा देकार असतो. इंग्लंडमध्ये १८४० साली रेंच यांनी आपली शेतजमीन हाईड यांना १,००० पौंडांना देऊ केली. हाईड यांनी ९५० सांगितले. रेंच यांनी नकार दिल्यावर हाईड १,००० द्यायला तयार झाले. न्यायालयाने मात्र करार झालाच नाही असा निकाल दिला, कारण ९५० म्हणताच पहिला देकार संपला होता.

म्हणून उलट भाव सांगण्याआधी, "हे गिऱ्हाईक गेले तरी चालेल का?" याचे उत्तर घरात ठरलेले असावे. आणि घरात म्हणजे एकट्या मोठ्या भावाने नव्हे.

आपल्याकडे विकायला निघालेले घर अनेकदा मरहूम वडिलांच्या नावावरचे असते. त्यांचा इंतकाल होताच घरात सर्व वारसांचे हिस्से पडतात. समजा, मागे अम्मी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत, वडिलांचे आईवडील हयात नाहीत आणि कर्ज व वसियत वजा होऊन घराचे ४० लाख वाटायचे आहेत. अम्मीचा आठवा हिस्सा ५ लाख, मुलीचे ७ लाख, प्रत्येक मुलाचे १४ लाख. आता भाव ४० वरून ३८ वर आला तर अम्मीचे २५ हजार आणि बहिणीचे ३५ हजार कमी होतात. दुसऱ्याचे पैसे सोडण्याचा अधिकार भावाला कोणी दिला? बहिणीला सौदा ठरल्यावर सहीपुरते बोलावले आणि तिने नकार दिला, तर सौदा अडतो आणि नातेही तुटते. खालची मर्यादा सर्वांनी मिळून आधीच ठरवावी.

दुसरी गोष्ट, घासाघीस केवळ आकड्यावर नसते. व्याजी कर्ज टाळणाऱ्या कुटुंबाला पैसे जमवायला वेळ लागतो. त्यांनी भाव पाडण्यापेक्षा मुदत मागावी : "४० मान्य, पण चार हप्त्यांत, आठ महिन्यांत." विकणाऱ्याला मुलांची शाळा संपेपर्यंत ताबा ठेवायचा असेल, तर त्याने तेवढ्यासाठी थोडा भाव सोडावा. सोसायटीची थकबाकी, हस्तांतर फी, पंखे आणि कपाटे कोणाकडे, हेही याच वेळी बोलून घ्यावे. ओल, गळती किंवा कागदांतली उणीव मात्र सौदेबाजीत लपवू नये. ऐब सांगून माल विकणे ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. तसेच एकाचा सौदा ठरलेला असताना वाढीव भाव देऊन मध्ये घुसू नये.

शेवटी, ठरले ते लिहावे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. इसारपावतीत रक्कम, हप्त्यांच्या तारखा, ताब्याचा दिवस आणि सौदा मोडल्यास इसाराचे काय, हे स्पष्ट असावे. इसार २० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर तो रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही. तो बँकेतूनच घ्यावा. त्यानंतर वकिलाकडून कागद तपासून साठेखत नोंदवावे आणि त्यावर प्रत्येक वारसाची सही घ्यावी. अम्मीची आणि बहिणीचीही.