पेटी, वही आणि कान

महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत ‘गाण्याचा क्लास’ म्हणून ओळखली जाणारी जागा बहुधा एखाद्या जुन्या वाड्याची माडी असते, संध्याकाळी रिकामी होणारी शाळेची खोली असते किंवा देवळाचा सभामंडप असतो. तेथे एकाच सतरंजीवर शाळकरी मुले, नोकरीवरून परतणारे तरुण आणि भजनी मंडळातील प्रौढ स्त्रिया बसतात, समोर पेटी म्हणजे हार्मोनियम असते आणि शेजारी तबल्याची जोडी. या दृश्यात आज कोणालाही नवल वाटत नाही. परंतु ठरलेली फी भरून, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, घराणे किंवा नातेगोते न सांगता कोणालाही रागसंगीत शिकता यावे, ही कल्पना सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी धाडसाची होती, आणि ती रुजवणाऱ्यांमध्ये मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे.

त्यापूर्वी ही विद्या गुरुगृही मिळत असे. शिष्याने वर्षानुवर्षे गुरूच्या घरी राहावे, पडेल ते काम करावे आणि गुरूची मर्जी लागेल तेव्हा कानावर पडेल तेवढे उचलावे, अशी ती रीत होती. घराणे, म्हणजे विशिष्ट गायनशैली जपणारी गुरुशिष्यांची परंपरा, आपल्या चिजा (बांधलेल्या रचना) सहसा बाहेर जाऊ देत नसे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी अशाच खडतर शिष्यपणातून मिळवली आणि ती महाराष्ट्रात आणली. त्यांच्याकडे मिरजेत शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी मात्र हा सारा व्यवहारच उलटा केला. त्या जुन्या गुरुगृही पद्धतीचे गोडवे आज पुष्कळ गायले जातात; तिच्या दाराबाहेर राहिलेल्यांची, विशेषतः घरंदाज म्हणवल्या जाणाऱ्या कुटुंबांतील मुलींची, आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

संस्थात्मक शिक्षणाचे प्रयत्न पलुस्करांच्या आधीही झाले होते. मुंबईत 1870 मध्ये गायनोत्तेजक मंडळी आणि पुण्यात 1874 मध्ये गायन समाज स्थापन झाला, तर बडोद्यात 1886 मध्ये मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली संस्थानाची संगीतशाळा सुरू झाली. परंतु 5 मे 1901 रोजी लाहोरमध्ये उघडलेल्या गांधर्व महाविद्यालयाचे वेगळेपण असे की ते कोणा एका राजाच्या पदरी नव्हते; जाहीर जलशांचे उत्पन्न, लोकांच्या देणग्या आणि विद्यार्थ्यांची फी यांवर ते चालले. कुरुंदवाडला 1872 मध्ये जन्मलेल्या, बालपणी दारूकामाच्या अपघातात दृष्टी अधू झालेल्या या गायकाने आपल्या मुलखापासून इतक्या दूर, जेथे मराठी श्रोता शोधूनच काढावा लागला असता अशा शहरात शाळा काढली, ही गोष्टच त्याच्या आत्मविश्वासाची साक्ष आहे. 1908 मध्ये विद्यालय मुंबईत आले. तेथे फी भरून शिकणाऱ्या सर्वसाधारण विद्यार्थ्यांखेरीज ‘उपदेशक वर्ग’ असे, म्हणजे करार करून विद्यालयातच राहणारे आणि पुढे शिक्षक होणारे विद्यार्थी. शाळा काढताना शिक्षक घडवण्याची सोयही त्याच छपराखाली करावी लागते हे पलुस्करांना नेमके कळले होते. मुंबईतील इमारत पुढे कर्जात गेली, पण माणसे उरली: ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आणि बी. आर. देवधर हे सारे त्यांचेच शिष्य. पलुस्करांचे 1931 मध्ये निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले, आणि 1932 मध्ये पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्याआधी, 1911 मध्ये, भास्करबुवा बखले यांनी पुण्यात स्थापलेला भारत गायन समाज कामाला लागलेला होताच.

‘क्लासातून गवई होत नाही’ असे एक वाक्य संगीताच्या वर्तुळात सदैव फेकले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. आठवड्याला दोन तासांत कोणाचाही गळा मैफलीला तयार होत नाही. परंतु देवधरांनी मुंबईत 1925 मध्ये सुरू केलेल्या संगीतशाळेचा दाखला या वाक्याला अडचणीत आणतो, कारण कुमार गंधर्वांचे शिक्षण तेथेच झाले. देवधर स्वतः निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांना जवळून ऐकणारे आणि त्यांच्याकडून चिजा मिळवणारे संग्राहक होते. त्यामुळे विद्यार्थ्याच्या कानावर एकाच घराण्याचे नव्हे तर अनेक रीतींचे गाणे पडत असे. शाळेने घराण्यापेक्षा अधिक काय द्यावे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

एकाच वेळी अनेकांना शिकवायचे तर पाठ कागदावर यावा लागतो, म्हणून स्वरलिपी आली. स्वरलिपी म्हणजे स्वर, त्यांचे सप्तक आणि तालातील त्यांची जागा दाखवणारी लेखनपद्धती. पलुस्करांनी एक घडवली आणि त्यांचे समकालीन विष्णु नारायण भातखंडे यांनी दुसरी. भातखंड्यांनी उस्तादांकडून गोळा केलेल्या शेकडो चिजा ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून सर्वांसाठी खुल्या केल्या आणि रागांची दहा थाटांत, म्हणजे दहा मूळ स्वरचौकटींत, विभागणी केली. दोन्ही लिप्यांच्या खुणा मात्र कधी कधी परस्परविरोधी आहेत: भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरील टिंब तार म्हणजे वरचे सप्तक दाखवते, तर पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाची खूण ठरते. एका क्लासातून दुसऱ्या क्लासात गेलेल्या विद्यार्थ्याचा यात गोंधळ उडतो तो उगीच नाही.

लिपीची खरी मर्यादा याहून खोल आहे. बहुतेक क्लासांत प्रारंभीच शिकवला जाणारा भूप हा राग सा, रे, ग, प, ध या पाच स्वरांचा, आणि देशकार हा रागही नेमक्या त्याच पाच स्वरांचा. तरीही भूप गंधारावर (ग) विसावतो आणि संध्याकाळनंतर गायला जातो, देशकाराचा सारा जोर धैवतावर (ध) असतो आणि तो सकाळचा मानला जातो. कोणत्या स्वरावर किती थांबायचे, कोणता स्वर नुसता स्पर्शून सोडायचा, एकातून दुसऱ्यात कसे ओघळत जायचे, यावरच या दोन रागांचे वेगळेपण उभे आहे. वहीत उतरवलेली चीज या प्रश्नांची उत्तरे अर्धीमुर्धीच देते. ती उत्तरे शिक्षकाच्या गळ्यातून ऐकावी लागतात, आणि म्हणून वही घरी विसरलेला विद्यार्थी कधी कधी वही उघडून बसलेल्यापेक्षा अधिक शिकून जातो.

वर्गातील प्रत्यक्ष अध्यापनाचा क्रम सर्वत्र साधारण सारखाच असतो. आधी षड्ज म्हणजे ‘सा’ स्थिर धरणे, मग अलंकार किंवा पलटे, म्हणजे स्वरांच्या ठरावीक क्रमाने चढत-उतरत जाणाऱ्या मांडण्या. त्यांसोबत हातावर ताल देणे, ज्यात टाळीने आणि खालीने (हात बाजूला उघडून) तालाचे विभाग मोजले जातात. मग स्वरांच्याच अक्षरांनी बांधलेले सरगमगीत आणि त्यानंतर छोटा ख्याल, म्हणजे मध्य किंवा द्रुत लयीतील दोन भागांची रचना. सोळा मात्रांचा त्रिताल हातावर पक्का होण्यास काही महिने लागतात आणि ते लागू द्यावेत. एकत्र वर्गाची मोठी अडचण म्हणजे पट्टी, अर्थात कोणत्या उंचीचा स्वर षड्ज मानायचा हा प्रश्न. स्त्रियांना पेटीवरची काळी चार किंवा काळी पाच सोयीची वाटते, पुरुषांना काळी एकच्या आसपास बरे पडते, आणि आवाज फुटण्याच्या वयातील मुलगा कोठेच स्वस्थ बसत नाही. सर्वांना एकाच पट्टीत गायला लावले की निम्मा वर्ग ओरडतो आणि उरलेला पुटपुटतो. जाणता शिक्षक वर्गाची वाटणी वयावर करण्याऐवजी पट्टीवर करतो.

येथे पेटीचा विषय आल्यावाचून राहत नाही. पेटी युरोपातून आली, सोपी होती, हवा बदलली तरी तारांसारखी चटकन उतरत नव्हती, आणि शिक्षकाला एकाच हाताने सारा वर्ग सांभाळता येऊ लागला. क्लासांच्या प्रसाराचे पुष्कळसे श्रेय तिला द्यावे लागेल. 1940 मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली, तरी क्लासातील तिचे आसन हलले नाही. तिच्यावरील आक्षेपांपैकी एक तांत्रिक आणि खरा आहे. आजच्या बहुतेक पेट्या समस्वरित असतात, म्हणजे त्यांत सप्तकाचे 12 अगदी समान भाग केलेले असतात आणि प्रत्येक भाग 100 सेंट मोजला जातो. षड्जाशी 5:4 या प्रमाणात जुळणारा नैसर्गिक शुद्ध गंधार सुमारे 386 सेंटांवर येतो. पेटीचा गंधार 400 वर, म्हणजे 14 सेंट चढा असतो. पंचमात हा फरक अवघा दोन सेंटांचा, म्हणून तो कोणाला बोचत नाही. शिवाय पेटीवर दोन स्वरांमधून मींड, म्हणजे अखंड घसरत जाणारा स्वर, काढता येत नाही.

याला उतारा आहे तो तंबोऱ्याचा. त्याच्या चार तारांपैकी पहिली बहुधा पंचमात, मधल्या दोन षड्जात (त्यांना जोड म्हणतात) आणि शेवटची खर्जात, म्हणजे खालच्या षड्जात, लावतात. घोडीच्या किंचित बाकदार माथ्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवून योग्य जागा साधली की स्वर फुलतो आणि त्याला जवारी म्हणतात. अशा लागलेल्या तंबोऱ्यातील खर्जाच्या तारेतून, गंधाराची वेगळी तार नसतानाही, एक गंधार आपोआप ऐकू येतो. हा स्वयंभू गंधार म्हणजे त्या तारेचाच पाचवा उपस्वर, आणि तो नेमका तो नैसर्गिक गंधार असतो जो पेटीत नाही. ज्या विद्यार्थ्याने तो एकदा ओळखला त्याला स्वर ‘लागणे’ म्हणजे काय हे व्याख्येवाचून समजते. हे तंबोरे पिढ्यान्‌पिढ्या बनवणाऱ्या मिरजेतील कारागिरांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी त्याच महाराष्ट्रातील किती क्लासांत तंबोरा गवसणीतून बाहेर निघतो, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मोबाइलवरचा तंबोरा मुळीच नसण्यापेक्षा चांगला, पण तंबोरा जुळवणे हेच जे कानाचे शिक्षण असते, ते त्यातून होत नाही.

क्लासांना शिस्त आणि ओळख दिली ती परीक्षांनी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण आणि विशारद प्रथम व पूर्ण अशा सात पायऱ्या चढल्यावर विद्यार्थी ‘संगीत विशारद’ होतो आणि त्यापुढे ‘अलंकार’ असते. आडगावच्या शिक्षकालाही अभ्यासक्रम मिळाला, पालकांना प्रगती मोजता येऊ लागली, आणि दहावीत शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुणांची सवलत आल्यावर वर्गांची गर्दी वाढली. पण त्याच परीक्षेमुळे अनेक ठिकाणी वर्षभर नेमलेल्या रागांतील तेवढ्याच चिजा आणि लिहून दिलेल्या ताना (जलद स्वरमालिका) घोटल्या जातात. राग पाठ होतो, उमगत नाही. लिहून दिलेली तान ही तात्पुरती काठी आहे, ती आयुष्यभर बाळगायची नसते, हे सांगण्याचे काम परीक्षकाचे नाही, शिक्षकाचे आहे. दोष परीक्षेचा कमी आणि तिला शेवट समजण्याचा अधिक.

पोटापाण्यासाठी शिकवणारा शिक्षक निकालाकडे दुर्लक्ष करू शकत नाही, हेही तितकेच खरे. त्याच्या वर्गातील खूप थोडे विद्यार्थी गातील, पुष्कळ जण नोकरीसंसारात शिरतील, आणि त्यांच्यापैकी काही जण पुढे मैफलीच्या सतरंजीवर बसून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमकी मान हलवतील. मराठीत अशा श्रोत्याला कानसेन म्हणतात, आणि सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवापासून गोव्यातील देवळांच्या उत्सवी बैठकींपर्यंत रागसंगीत ज्यांच्या बळावर उभे आहे, त्यांतील कितीतरी जणांचे पहिले ‘सा’ अशाच एखाद्या माडीवर लागलेले असते. चाळिशीनंतर क्लासात येऊ लागलेल्या स्त्रियांना ‘आता काय शिकणार’ असे विचारणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

मुलाला किंवा स्वतःला क्लासात घालू पाहणाऱ्याने म्हणून भिंतीवरील प्रमाणपत्रे मोजण्याआधी एक संध्याकाळ कोपऱ्यात बसून वर्ग ऐकावा, आणि पेटी बंद करून तो वर्ग नुसत्या तंबोऱ्यावर किती मिनिटे गातो, एवढे पाहावे.