युनिक्स प्रणालीतील फाइलींच्या कालनोंदी : अर्थ आणि दुरुस्ती

प्रस्तावना :
संशोधनाची टिपणे, क्षेत्रपाहणीची छायाचित्रे, गुणांचे तक्ते अशी सामग्री आज संगणकीय फाइलींच्या रूपात जतन केली जाते. एखादी नोंद केव्हा झाली, असा प्रश्न उपस्थित झाल्यास फाइलच्या नावासमोर दिसणारी तारीख पुरावा म्हणून पुढे केली जाते. मात्र ती तारीख नेमकी कशाची आहे, हे जाणून न घेता काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. युनिक्स व लिनक्स प्रणालींतील कालनोंदींचा, म्हणजेच टाइमस्टॅम्पचा, अर्थ आणि त्यांच्या दुरुस्तीची पद्धत स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कालनोंदींचे प्रकार :
युनिक्समध्ये फाइलमधील मजकूर आणि फाइलविषयीची माहिती स्वतंत्रपणे ठेवली जाते. ही माहिती ज्या नोंदीत असते तिला 'आयनोड' म्हणतात. त्यात परंपरेने तीन वेळा नोंदविल्या जातात.
१) एमटाइम : मजकुरात शेवटचा बदल झाल्याची वेळ.
२) एटाइम : फाइल शेवटची वाचली गेल्याची वेळ.
३) सीटाइम : आयनोडमधील माहिती शेवटची बदलल्याची वेळ.

सीटाइम म्हणजे फाइलच्या निर्मितीची वेळ, हा समज रूढ असला तरी चुकीचा आहे. फाइलची मालकी किंवा परवानगी बदलली तरी सीटाइम बदलतो. एटाइमवरही पूर्णपणे विसंबता येत नाही. २००९ मधील २.६.३० या आवृत्तीपासून लिनक्स मूळ मांडणीत प्रत्येक वाचनाची नोंद करीत नाही. 'एलएस -एल' ही आज्ञा केवळ एमटाइम दाखविते. तिन्ही वेळा पाहण्यासाठी लिनक्सवर 'स्टॅट' ही आज्ञा वापरावी लागते.

चुकांची कारणे :
युनिक्स वेळेची गणना १ जानेवारी १९७० रोजीच्या जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीपासून करते. तो क्षण भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ५.३० चा होय. घड्याळ मूळ स्थितीत गेलेल्या यंत्रावर तयार झालेल्या फाइलींना १९७० ची तारीख लागते, ती यामुळेच.

दुसरे कारण स्थानिक वेळेचे आहे. कॅमेऱ्याच्या कार्डावर आढळणारी फॅट ही फाइलव्यवस्था स्थानिक वेळ नोंदविते. ती वेळ जागतिक प्रमाणवेळ समजून वाचली गेल्यास सकाळी १० वाजता काढलेले छायाचित्र दुपारी ३.३० चे दिसते.

तिसरे कारण नकलेचे. 'सीपी' या आज्ञेने केलेल्या नकलेस नक्कल केल्याची वेळ लागते. मूळ एमटाइम टिकविण्यासाठी '-पी' हा पर्याय द्यावा लागतो.

दुरुस्तीची पद्धत :
एमटाइम व एटाइम 'टच' या आज्ञेने बदलता येतात. '-टी' या पर्यायाने वर्ष, महिना, दिवस, तास व मिनिटे या क्रमाने वेळ देता येते. '-आर' या पर्यायाने दुसऱ्या फाइलची वेळ उचलता येते. नकलेस मूळ फाइलची वेळ देण्यास हा पर्याय सोयीचा आहे. लिनक्सवरील 'टच'मध्ये '-आर' आणि '-डी' एकत्र वापरून फाइलची आहे ती वेळ ५ तास ३० मिनिटांनी मागे नेता येते. मात्र चुकीचे मूळ यंत्राच्या घड्याळात असल्यास आधी घड्याळ सुधारणे आवश्यक आहे.

सीटाइम 'टच'ने हवा तसा ठरविता येत नाही. उलट 'टच' वापरताच सीटाइमवर त्या क्षणाची वेळ पडते. एमटाइम जुना आणि सीटाइम अलीकडचा असणे हे दुरुस्तीचे चिन्ह असू शकते. तथापि परवानगी बदलल्यानेही तसे घडते. यंत्राचे घड्याळ मागे नेणाऱ्या व्यवस्थापकास सीटाइमही फसविता येतो.

निष्कर्ष :
प्रामाणिक दुरुस्ती आणि हेतुपुरस्सर फेरफार या दोहोंसाठी आज्ञा एकच आहे. त्यामुळे केवळ फाइलच्या तारखेवरून कोणाच्याही कामाविषयी निर्णय देणे उचित नाही. दुरुस्तीपूर्वी 'स्टॅट'चे फलित जतन करणे आणि दुरुस्तीचे कारण, दिनांक व करणाऱ्याचे नाव स्वतंत्रपणे लिहून ठेवणे ही शिस्त महाविद्यालयीन अभिलेखांच्या विश्वासार्हतेसाठी अत्यावश्यक ठरते.