लोकहितविषयक भाषण आणि दाव्याचा जाच

सार्वजनिक प्रश्नावर मत मांडणाऱ्या व्यक्तीविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा दाखल होतो, तेव्हा तो जिंकणे हाच वादीचा हेतू असतो असे नाही. वकिलाचे शुल्क, तारखांच्या खेपा व भरपाईची धास्ती यांनी प्रतिवादी गप्प बसला, तरी हेतू साधतो. डेन्व्हर विद्यापीठातील विधिज्ञ जॉर्ज प्रिंग व समाजशास्त्रज्ञ पेनेलोपी कॅनन यांनी १९८० नंतरच्या दशकात अशा दाव्यांचा अभ्यास करून त्यांना 'स्लॅप' ही संज्ञा दिली.

येथे शिक्षा निकालात नसून प्रक्रियेतच असल्यामुळे उपायही प्रक्रियेतच शोधावा लागतो. कॅलिफोर्निया राज्याचा १९९२ चा कायदा हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यानुसार दाव्याची बजावणी झाल्यापासून सामान्यतः ६० दिवसांत प्रतिवादीस दावा काढून टाकण्याचा विशेष अर्ज करता येतो. दाव्याचे मूळ सार्वजनिक प्रश्नावरील भाषणात आहे, एवढे त्याने दाखविले की भार वादीवर येतो. आपल्या यशाचा संभव वादीने पुराव्यानिशी दाखवावयाचा असतो. दरम्यान कागदपत्रे व जबान्या मिळविण्याची खर्चिक प्रक्रिया स्थगित राहते. अर्ज मान्य झाल्यास प्रतिवादीचा वकीलखर्च वादीवर पडतो. अर्ज केवळ कालहरणासाठी केलेला आढळल्यास तो प्रतिवादीस भरावा लागतो.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. टाटा सन्स विरुद्ध ग्रीनपीस या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ साली अंतरिम मनाईहुकूम नाकारला. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली ब्लूमबर्ग प्रकरणात 'स्लॅप' दाव्यांचा उल्लेख करून असे हुकूम देताना सावधगिरीची आवश्यकता सांगितली. तथापि या निर्णयांनी लेखन तूर्त वाचते. दावा चालूच राहतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ७ व्या आदेशातील ११ व्या नियमान्वये वादपत्र फेटाळता येते खरे, परंतु कारणच उद्भवत नाही या आक्षेपाचा विचार वादपत्रातील कथनापुरताच होतो. कलम ३५-अ अन्वये त्रासदायक दाव्याबद्दल मिळणारी भरपाई, व्यापारी विवाद वगळता, ३,००० रुपयांपलीकडे जात नाही. बलाढ्य वादीस तिचा धाक तो काय वाटणार?

प्रतिष्ठा हाही घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील अधिकाराचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटले आहे. म्हणून अब्रुनुकसानीच्या दाव्याचे द्वार बंद करणे इष्ट नव्हे. दाव्यातील तथ्याची पारख आरंभीच व्हावी आणि निराधार दाव्याचा खर्च तो आणणाऱ्यानेच सोसावा, एवढे झाले तरी दोन्ही अधिकार एकत्र नांदू शकतील.