राखणदारानेच विकलेली माहिती

अँटिव्हायरसला संगणकातली प्रत्येक फाइल तपासायची मुभा द्यावी लागते, म्हणून त्याची निवड जपूनच करावी. प्रागच्या ‘अव्हास्ट’ या अँटिव्हायरस कंपनीने वापरकर्त्यांनी पाहिलेल्या संकेतस्थळांच्या नोंदी ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत शंभराहून अधिक कंपन्यांना विकल्या. नावे वगळली होती खरी. पण ब्राउझरचा ओळखक्रमांक आणि भेटीची नेमकी वेळ हाती असली की माणूस हुडकता येतो. आजारपण, पैशांची अडचण, धर्म, सगळेच त्यातून उघडे पडते. हे संतापजनक आहे. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी प्रकरण उजेडात आणल्यावर जम्पशॉटला टाळे लागले; २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. कोणताही अँटिव्हायरस टाकताच सेटिंग्जमधले ‘डेटा शेअरिंग’ बंद करा. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस असतोच. घरगुती वापराला बहुतेकांना तेवढा पुरतो.